जंकयार्डात मार्क एट आली आहे: एका दिवसात काय काय काढून घ्यावं?

खटारावीर
मंडळी, माझ्याकडे १९९७ ची लिंकन मार्क एट आहे. राहतो ओहायोत. ऑफिसला दुसरी गाडी जाते, ही फक्त रस्त्यावर मीठ नसतं तेव्हाच बाहेर निघते. आमच्या भागातल्या एका सेल्फ-सर्व्हिस जंकयार्डाच्या (भंगार गाड्यांचं आवार, हवे ते भाग स्वतःच काढून विकत घ्यायचे) ऑनलाइन यादीत काल १९९८ ची मार्क एट चढली. म्हणजे माझ्याच चेहऱ्याची. पूर्वी यार्डात गेलं की एखादी तरी उभी असायची, आता कपिलाषष्ठीचा योग झालाय.

ज्यांना ही गाडी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: फोर्डने १९९३ ते १९९८ या मॉडेल-वर्षांत मिशिगनमधल्या विक्सम कारखान्यात बनवलेली दोन दारांची ऐसपैस कूपे. ४.६ लिटरचं, ३२ व्हॉल्व्हचं ॲल्युमिनियम व्ही-८ इंजिन. चारही चाकांना हवेच्या पिशव्यांचं सस्पेन्शन, हायवेवर वेग घेतला की गाडी आपोआप थोडी खाली बसते. आणि ९७-९८ च्या मॉडेलला डिक्कीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत निऑनचा ब्रेकलाइट.

प्रश्न दोन. माझ्याकडे एक शनिवार आणि एक हत्यारांची पिशवी आहे, मदतीला कोणी नाही. आधी कशाला हात घालू? दुसरं, माझ्या गाडीवर जे भाग आज धड आहेत तेही जास्तीचे आणून ठेवावेत का? या मुद्द्यावर घरात एकमत नाही.

दहाचा_पाना
आधी पंखा बघ. पण तो गेलेलाच असणार.

भोचक_भवानी
पंखा कोण नेतं? उकडतंय का लोकांना?

बंड्या_टेक्सास
भवानीताई, मी नेतो. 😀 मार्क एटचा रेडिएटरचा इलेक्ट्रिक पंखा जुन्या गाड्यांत व्ही-८ बसवणाऱ्यांमध्ये फार नावाजलेला आहे. १८ इंची पातं, हवा अशी ओढतो की बॉनेटखाली उभं राहवत नाही. फक्त सुरू होताना क्षणभर शंभरच्या आसपास अँपिअर खेचतो आणि मग तिशीत स्थिरावतो. त्यामुळे साध्या रिलेवर (मोठा करंट चालू-बंद करणारा विजेचा स्विच) लावला तर रिले जळलाच म्हणून समजा. जाड वायर आणि दमदार रिले हवा.

पंख्यामागोमाग इंजिन जातं. मार्क एटचा ॲल्युमिनियम ब्लॉक इटलीतल्या टेक्सिड कंपनीत ओतलेला, तोच ब्लॉक १९९६ ते १९९८ च्या फोर्ड मस्टँग कोब्रालाही मिळाला. रेसिंगवाले त्याच्यासाठी जीव टाकतात. मागचं इंडिपेंडंट सस्पेन्शन आणि ॲल्युमिनियमच्या खोक्यातला डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारा गिअरसंच) किटकार, म्हणजे सुटे भाग जोडून घरी गाडी, बांधणारे उचलतात. एवढं काढलं की उरलेल्या गाडीकडे कोणी बघत नाही.

खटारावीर
हेच ते दरोडेखोर! तरी मी म्हणतो, दर वेळी गाडीचं पोट फाडलेलं का असतं.

बंड्या_टेक्सास
अरे बाबा, तुला इंजिन हवंय का? नाही ना? मग आम्ही तुझं काय नेलं? तुझ्या कामाचे दिवे, बटणं, पट्ट्या सगळं मागे ठेवूनच जातो. राग धरायचा असेल तर रेडिओ काढायला अख्खा डॅशबोर्ड पहारीने उचकटतात त्यांच्यावर धर.

नोव्हीकर
बंड्याशी मी सहमत आहे. आणि त्यातच खटारावीरांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे.

मी डेट्रॉइटच्या परिसरात सुटे भाग पुरवणाऱ्या एका कंपनीत नोकरी करून निवृत्त झालो. विक्सम आमच्या नोव्हीला लागूनच. तो कारखाना २००७ मध्ये बंद झाला. या कूपे गाड्यांबाबत एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवायची. कुठलाही कारखाना अख्खी गाडी नव्याने करत नाही. खालचा सांगाडा, गिअरबॉक्स, ब्रेक, सेन्सर हे भावंडांकडून घेतात. मार्क एट ही फोर्ड थंडरबर्ड आणि मर्क्युरी कूगरची नातलग. कॅडिलॅक एल्डोराडो ही सेव्हिलची. जे भावंडांत वाटलं गेलं ते लाखांनी बनलं, आजही दुकानात नवं मिळतं. त्याच्यासाठी गुडघे फोडून घेऊ नका. जे फक्त त्या कूपेसाठी साचा करून बनवलं, ते साचा मोडला त्या दिवशी संपलं. दिवे, दारांच्या काचा, कडेच्या पट्ट्या, मागच्या सीटच्या बाजूची पॅनेलं, कन्सोलची झाकणं. यांच्या नकला कोणी काढत नाही, कारण साच्याचा खर्च भरून निघेल इतकी गिऱ्हाइकं उरलेली नाहीत.

म्हणून माझा क्रम असा. सगळ्यात आधी निऑन. मग ९७-९८ चे पुढचे एचआयडी दिवे (तारेऐवजी वायूतल्या विजेच्या ठिणगीने उजळणारे), त्यांना वीज पुरवणाऱ्या बॅलास्टसकट. एचआयडी दिवा अमेरिकन गाडीवर पहिल्यांदा लागला तो १९९५ च्या मार्क एटच्या एलएससी या स्पोर्टी आवृत्तीवरच. ९७-९८ चा बल्ब आज सर्रास मिळणाऱ्या एचआयडी बल्बांच्या घरात बसत नाही, त्यामुळे चालू बल्ब दिसला तर तो सोन्याचा. मग सस्पेन्शनचे हाइट सेन्सर, गाडी किती उंच उभी आहे ते मोजणारे. हवेची पिशवी नवी मिळते, कॉम्प्रेसरही मिळतो, पण सेन्सर नाही. वेळ उरला तर आरशांची घरं, त्यांच्याखाली जमिनीवर उजेड पाडणारे दिवे आहेत ते.

आणि भागावरचा नंबर वाचायला शिका. फोर्डच्या त्या काळच्या नंबरात पहिलं अक्षर दशकाचं: ई म्हणजे ऐंशीचं, एफ म्हणजे नव्वदचं. दुसरा आकडा वर्षाचा, तिसरं अक्षर गाडीचं. एफ३एल अशी सुरुवात दिसली तर तो भाग १९९३ च्या लिंकन मार्कसाठी आखलेला. तिसरं अक्षर दुसऱ्या गाडीचं निघालं तर खाली ठेवा, तो थंडरबर्डच्या लेकरांनाही चालतो.

दहाचा_पाना
नोव्हीकर काका, दंडवत. हा प्रतिसाद सेव्ह केला.

कॅमरीवाला
एवढ्या उपद्व्यापात तीन कॅमरी झाल्या असत्या. इंजिन ऑइल बदलायचं आणि झोपायचं.

खटारावीर
झोपा की. कोण अडवतंय?

वाळवंटातली_उषा
मी ॲरिझोनात आहे, १९९९ ची एल्डोराडो ईटीसी (टूरिंग कूपे आवृत्ती) चालवते. नोव्हीकर काकांचा क्रम बरोबर आहे, पण साठा करण्याबद्दल मी वेगळं सांगेन.

जो भाग कपाटात ठेवूनही म्हातारा होतो तो साठवू नका. दाराचं रबर यार्डातून काढून आणलं तरी ते पंचवीस वर्षांचं रबर आहे, पिशवीत ठेवल्याने तरुण होत नाही. हवेच्या पिशव्यांचंही तेच. इलेक्ट्रॉनिक डब्यांत कपॅसिटर असतात, ते नुसते पडून सुकतात. साठवायचं तर काच, कडक प्लॅस्टिक, धातू. डबे आणायचे असतील तर ते उघडून दुरुस्त करणारा माणूस आधी शोधा.

आमच्याकडच्या यार्डांची गंमत वेगळी. बोल्ट काल लावल्यासारखे सुटतात, गंजाचं नाव नाही. पण उन्हाने डॅशबोर्ड फाटलेला, मागच्या काचेखालची फळी भाजून पापडासारखी, हात लावला की तुकडे. तुमच्या मिशिगन-ओहायोत उलट: आतलं सामान छान आणि खालून चाळण. त्यामुळे मी आतले भाग उत्तरेतून मागवते आणि ब्रॅकेट, पत्रा, कंट्रोल आर्म इकडून पाठवते. असा देवाणघेवाणीचा एक गट आहे आमचा, बहुतेक एल्डोराडोवाले, काही मार्क एटवालेही. त्यात एका मराठी आजोबांकडे एल्डोराडोच्या मागच्या दिव्यांचे इतके जोड आहेत की त्यांच्या मुलाने आता गराजचं कुलूप बदललंय म्हणतात.

भोचक_भवानी
उषाताई, एल्डोराडोचं इंजिन बिघडतं तेच ना? आमच्या शेजाऱ्यांच्या तोंडी सारखा हाच विषय.

वाळवंटातली_उषा
नॉर्थस्टार. १९९३ पासूनचं ४.६ व्ही-८. चालतं तेव्हा लोण्यासारखं चालतं. ब्लॉक ॲल्युमिनियमचा, हेडचे बोल्ट त्यात आवळलेले. वर्षानुवर्षं तापून-थंड होऊन ब्लॉकमधले आटे सैल पडतात, बोल्टची पकड सुटते आणि हेड गॅस्केट (ब्लॉक आणि हेडमधली सील) जाते. उपाय आहे: प्रत्येक भोक मोठं करून त्यात स्टीलची आटेवाली नळी बसवायची किंवा सरळ जाड स्टड घालायचे. पण काम मोठं, इंजिन खाली काढून करतात, आणि गाडीच्या किमतीपेक्षा मजुरी जास्त होते. म्हणून यार्डातल्या बहुतेक एल्डोराडो बाहेरून चकचकीत असतात. कुलंट कमी व्हायला लागलं की मालक सोडून देतो. वाईट वाटतं, पण आम्हाला सुटे भाग मिळतात ते त्यामुळेच.

म्हणूनच यार्डातून नॉर्थस्टार इंजिन कधीही आणू नका. ती गाडी तिथे का आली याचं उत्तर बहुधा त्या इंजिनातच असतं.

(याचा स्टार्टरसुद्धा इनटेक मॅनिफोल्डच्या खाली, व्ही-च्या खोबणीत लपवलेला आहे. ज्याने ती जागा ठरवली त्याला एकदा भेटायचंय.)

रिआटावाला
बघतोय कोणी रिआटाचं नाव काढतं का. शेवटी मीच काढतो.

ब्यूक रिआटा, १९८८ ते १९९१, एकूण २१,७५१ गाड्या. दोन सीटची. ८८-८९ ला डॅशबोर्डात चक्क टचस्क्रीन, तीही टीव्हीच्या ट्यूबची! एसी, रेडिओ, गाडीच्या तक्रारी, सगळं त्या हिरव्या पडद्यावर. ८६ च्या ब्यूक रिव्हिएरात ती आधी आली. ९० पासून लोकांना बटणं परत दिली. आता तो पडदा गेला तर एसीही चालवता येत नाही. त्यामुळे रिआटा किंवा त्या काळची रिव्हिएरा यार्डात आली की आमचे लोक पहाटे दारात रांग लावतात.

एक सावधगिरीची गोष्ट, नव्याने जाणाऱ्यांसाठी. ८८ ते ९० च्या रिआटाचे ब्रेक टेव्हिस कंपनीच्या एबीएसवर आहेत. मास्टर सिलेंडरपाशी काळा गोळा दिसतो तो ॲक्युम्युलेटर, त्यात प्रचंड दाब साठलेला असतो. इग्निशन बंद ठेवून ब्रेकचा पेडल किमान २५ वेळा पूर्ण दाबा, पाय जड व्हायला लागला पाहिजे, मगच तो गोळा सोडवा. गाडी मेलेली आहे म्हणून दाबही मेला असं धरू नका.

नोव्हीकर
रिआटा जिथे बनली ती लॅन्सिंगची इमारत फार नशीबवान किंवा फार कमनशिबी, जसं बघाल तसं. आधी रिआटा, मग जनरल मोटर्सची (जीएम) ईव्ही-१ ही विजेची गाडी, मग शेवटची दोन-तीन वर्षं उषाताईंची एल्डोराडो, मग शेव्हरोले एसएसआर. तिथे गेलेलं एकही मॉडेल फार टिकलं नाही. २००६ मध्ये इमारतीचंच काम थांबलं.

पुणेरी_मिसरूड
लॅन्सिंगच्या वास्तूत दोष दिसतोय. दार दक्षिणेला होतं का?

कॅमरीवाला
😂 आणि ईव्ही-१ बहुतेक सगळ्या जीएमने स्वतःच चिरडल्या. यार्डातही गेल्या नाहीत. भंगारप्रेमींनी त्यावर दोन मिनिटं शांतता पाळावी.

बंड्या_टेक्सास
चिरडण्यावरून आठवलं. २००९ चं 'कॅश फॉर क्लंकर्स' कोणाला आठवतं? जुनी पेट्रोलपिती गाडी द्या, नवीवर सरकारी सूट घ्या. पावणेसात लाखांहून जास्त गाड्या जमा झाल्या. अट अशी की इंजिन कायमचं मारायचं. ऑइल काढून त्या जागी सोडियम सिलिकेटचं द्रावण ओतायचे आणि इंजिन चालू ठेवायचे, काही मिनिटांत आतून काच होऊन जाम. बाकीचे भाग यार्डाला विकता येत, पण १८० दिवसांच्या आत गाडी चिरडायची. बहुतेक एसयूव्ही आणि पिकअप होत्या, कूपे कमीच. पण धडधाकट व्ही-८ असे मरताना बघवले नाहीत.

पुणेरी_मिसरूड
आमच्याकडे असं द्रावण ओतायची गरज नाही, आमचा मिस्त्री पुरेसा आहे.

अवांतर: जुन्या बाजारात किंवा कुर्ल्याला एक गोष्ट बरी, माल आधीच काढून ठेवलेला असतो. तुम्ही फक्त घासाघीस करायची. तुमच्याकडे स्वतः चिखलात झोपून काढा आणि वर आत शिरायचे पैसे द्या! भाव कसा ठरतो? वजनावर?

दहाचा_पाना
नाही. सेल्फ-सर्व्हिसच्या साखळी यार्डात छापील दरपत्रक असतं, भागाच्या प्रकारावर. टेल लाइट म्हणजे टेल लाइट. मग तो कोरोलाचा असो की मार्क एटचा. गल्ल्यावरच्या पोराला दुर्मीळ-बिर्मीळ काही ठाऊक नसतं आणि असण्याची गरजही नाही. सगळी मजा त्यातच आहे. प्रवेशाचे दोन-तीन डॉलर, मधूनमधून अर्ध्या किमतीचे दिवस. गाडी साधारण महिना-दोन महिने राहते, मग प्रेसखाली. याउलट पूर्ण सेवेच्या यार्डात तेच लोक काढून देतात, पण त्यांच्याकडे संगणकावर होलँडरची यादी असते, कुठला भाग कुठल्या गाडीला चालतो याची. तिथे तुम्ही 'मार्क एट' म्हटलंत की भाव चढला.

खटारावीर, नियमांचं लक्षात ठेव. जॅक आणि गॅसकटर आत नेऊ देत नाहीत. गाड्या वेल्डिंग केलेल्या रिमांवर उभ्या असतात, खाली शिरण्याआधी ढकलून बघ. पिवळा कनेक्टर दिसला की तो एअरबॅगचा, हात लावू नकोस. हातमोजे, गांधीलमाशीचा स्प्रे, टॉर्क्सचा (ताऱ्याच्या आकाराच्या टोकांचा) पूर्ण सेट. सीटबेल्टला आणि सीटला बहुधा मोठा टॉर्क्सच लागतो. आणि दहा मिलिमीटरच्या दोन गोट्या (सॉकेट), एक हरवण्यासाठी.

वाळवंटातली_उषा
अजून एक. निऑन काढताना लेन्सला खालून पटाशी लावून उचलू नकोस. थंडीत ते प्लॅस्टिक कडक होतं आणि आतली काचेची नळी टचकन जाते. माझं ऐकशील तर दिवा सोडवूच नकोस. डिक्कीचं अख्खं झाकण बिजागरीपासून उतरव. नळीला त्याहून चांगली पेटी मिळणार नाही. निऑनला वीज देणारा डबाही आण, नळीकडे जाणाऱ्या वायरीत उच्च दाब असतो, त्या कापू नकोस.

भोचक_भवानी
निऑनचा एवढा सोस का? ब्रेकलाइट तो ब्रेकलाइट.

नोव्हीकर
साध्या बल्बची तार तापून लाल व्हायला सुमारे एक पंचमांश सेकंद जातो. निऑन जवळपास लगेच पेटतो. ताशी ६० मैलांवर तेवढ्या वेळात गाडी १७-१८ फूट पुढे गेलेली असते. मागच्या ड्रायव्हरला तेवढी जागा जास्त मिळते. आता एलईडीने हेच काम स्वस्तात केलं, म्हणून निऑन मागे पडला.

बंड्या_टेक्सास
आणि रात्री मागून जे दिसतं त्याचं काय, काका? सगळं फुटांतच मोजायचं?

रिआटावाला
कोणी स्पीडोमीटरचं अख्खं पॅनेल आणणार असेल तर ओडोमीटरचा कायदा विसरू नका. बदललेल्या पॅनेलवर जुन्याइतकेच मैल लावून घ्यायचे. ते जमत नसेल तर शून्यावर आणून ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीला आधीचे मैल आणि बदलल्याची तारीख लिहिलेली पट्टी लावायची. केंद्रीय कायदा आहे. गाडी विकताना नडतो.

खटारावीर
जाऊन आलो. थोडक्यात वृत्तांत.

पंखा नव्हता (बंड्या, तू ओहायोत आला होतास का?). इंजिन जागेवर होतं. उजवा पुढचा दिवा कोणीतरी फोडलेला, पण त्याचा बॅलास्ट शाबूत, तो घेतला. डावा अख्खा मिळाला. हाइट सेन्सर ब्रॅकेटसकट काढले. समोरच्या एका सेन्सरच्या बोल्टने सगळी दुपार खाल्ली, कारण ओहायो. ड्रायव्हरकडचा आरसा घेतला. हवेच्या पिशव्या, रबरं, निऑनचा सोडून बाकीचे डबे उषाताईंच्या सल्ल्याने सोडले.

झाकणाला वायरिंग जिथे बिजागरीतून जातं तिथे कनेक्टर सोडवायला वेळ लागला, बाकी चार बोल्टांत उतरलं. गल्ल्यावरच्या मुलाने दरपत्रकात बोट फिरवलं, 'डिक्कीचं झाकण' असं वाचलं आणि तेवढेच पैसे घेतले. दिव्याचं नावसुद्धा काढलं नाही. घरी बॅटरी लावून पाहिली, निऑन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पेटतो.

वाळवंटातली_उषा
मस्त! आता तो फोटोंसकट विकायला काढू नकोस, आधी आमच्या गटात विचार. १९९७ वाले तीन जण वाट बघतायत.

खटारावीर
विकणार नाही, ताई. माझ्या गाडीचा निऑन एका कोपऱ्यात लुकलुकायला लागलाय.

भोचक_भवानी
पण ठेवलंय कुठे ते झाकण? घरातल्या मतभेदाचं काय झालं?

खटारावीर
पाहुण्यांच्या खोलीत, पलंगाखाली. पुढच्या महिन्यात सासूबाई येणार आहेत, तोवर यावर चर्चा नको.

थंडरबर्ड_९५
धागा उशिरा पाहिला. मी टोलेडोला आहे. त्या मार्क एटचा मागचा ॲल्युमिनियम डिफरन्शियल अजून आहे का? माझ्या थंडरबर्डला लोखंडी आहे, बदलून वजन कमी करायचंय.

खटारावीर
शनिवारी संध्याकाळपर्यंत होता. शाफ्टचे बोल्ट कोणीतरी अर्धवट सोडवून ठेवलेत, म्हणजे अजून एक गिऱ्हाईक फिरतंय. फोर्डच्या रांगेत अगदी टोकाला, पांढऱ्या पिकअपच्या शेजारी. पाठीखाली घालायला पुठ्ठा घेऊन जा, तिथे चिखल आहे. आणि डिफरन्शियल उचलायला दुसरा माणूस ने, ॲल्युमिनियम असला तरी एकट्याला झेपणार नाही.